रंगाऱ्याचा हात

लग्नाला महिना झाला, तरी नवरा रस्त्याने दोन्ही हात खिशात घालूनच चालायचा. याला आपली लाज वाटते, हे नव्या सुनेच्या मनाने घेतलं होतं. आज तो काम करायचा त्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या दारातच तिने विचारलं, "हात धरला तर काय बिघडतं तुमचं?"

त्याने हात बाहेर काढले. बोटं ओली, निळीशार होती. "रंगाऱ्याचे हात गं. तुला रंग लागेल, लोक हसतील."

"हसेनात का!" तिने धरलेला हात घरापर्यंत सोडला नाही.

तिचा निळा तळवा बघून सासू म्हणाली, "मी मेली जन्मभर यांची बाहीच धरून चालले!"

खुर्चीतले सासरेही जुने रंगारीच. त्यांनी बायकोकडे हात पुढे केला. "आता रंग उरला नाही. चालेल?"