राखेतून उठलेलं गवत

मठातल्या बाबांनी जमिनीवरची चादर उचलली आणि गर्दीने एकच गलका केला. गेल्या आठवड्यात बाबांनी सगळ्यांदेखत पेटवलेल्या जागेवर, काळ्या राखेतून, हिरवेगार कोंब वर आले होते.

"मेलं ते उठलं!" बाबा गरजले. "हा अमरांकुर! याचा रस घ्या, औषधं फेकून द्या!"

वा रे वा! स्वतःच्या नाकावर मात्र जाड भिंगांचा चष्मा!

पण मला हसू कुठलं यायला? पुढच्याच रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती, मांडीवर माझी भाची. पोरीला मधुमेह, इन्शुलिनशिवाय ती जगणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बहिणीने कालपासून इन्शुलिन बंद करून हा रस सुरू केला होता. पोर सकाळपासून ओकत होती, आता धापा टाकत होती.

"अगं, दवाखान्यात चल. गाडी उभी आहे."

"राखेतनं उठलेलं दिसत नाही तुला? माझी लेकही उठेल. तू मध्ये पडू नकोस, दादा!"

माझी बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती कुदळ घेऊनच आली होती.

"खबरदार!" बाबा ओरडले. "माती उकरलीत तर पोरीचा जीव जाईल!"

लोक अंगावर धावून आले. बहीण रडकुंडीला आली, "वहिनी, नको गं, पाया पडते तुझ्या!" बायकोने मात्र कुणाचातरी हात झटकला आणि घाव घातला.

राखेखाली पांढऱ्या, पेरापेरांच्या, टोकदार खोडांचं जाळं पसरलं होतं. तिने एक तुकडा बहिणीच्या हातात ठेवला.

"बघ, ओला आहे. जळली ती नुसती पाती. झाड मातीखाली जिवंतच होतं. जे मेलंच नाही ते उठेल कसं?"

"अमरांकुराचं मूळ आहे ते!" बाबा म्हणाले.

"ते नाव तुम्ही ठेवलंत. शास्त्रात हे इम्पेराटा सिलिंड्रिका, एक चिवट तण. एकदा शिरलं की शेतंच्या शेतं गिळतं. आगीत शेजारची झाडं मरतात, हे उलट फोफावतं. एवढ्याशा तुकड्यातून पुन्हा उगवतं. गेल्या वर्षी बाबांनी वाटलेलं हेच गवत आशीर्वाद म्हणून वाफ्यात लावलंत ना सगळ्यांनी?"

"माझा अख्खा वाफा खाल्ला हो मेल्याने!" मागून भाजीवाली किंचाळली.

बहिणीने तुकडा फेकला, लेकीला उचललं. "दादा, गाडी काढ!"

पोर वाचली. थोडक्यात वाचली. बहीण अजून विचारते, "मी एवढी शिकलेली, फसले कशी?" अगं, घाबरलेल्या आईला कुणीही फसवतं.

म्हणून हात जोडून सांगतो: चमत्कार दिसला की नमस्काराआधी माती उकरून बघा. आणि घरात कुणी आजारी असेल तर उकरतही बसू नका. आधी दवाखाना गाठा.