जानकीबाईंच्या काचपट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. १९७४ साली अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी चाकं, तीन भिंगं आणि खाली वाटोळा आरसा. भुसा भरलेल्या पेटीत घालून मला देवासला डॉक्टर शशिकलाताईंच्या रक्त तपासणीच्या खोलीत आणलं. वीज गेली की ताई मला खिडकीशी नेत आणि माझ्या आरशात ऊन धरत.

नऊ वर्षं मी मुख्यतः हिवतापाचे जंतू पाहिले. मग १९८३ साली जानकीबाई आल्या. वय अडुसष्ट. धारला मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलगा बापू याच्याकडे राहत होत्या. तो इथल्या कारखान्यात नोकरीला होता. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि दंडावर निळे डाग उमटले होते. ताईंनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला. त्यात मोठ्या, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. तीव्र रक्तकर्करोग! इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

"या वयात जोराची औषधं सोसत नाहीत," ताई म्हणाल्या. "म्हणून इंदूरला साठीपुढच्या माणसांवर एक चाचणी चालली आहे. काहींना थोड्या मात्रेचं इंजेक्शन, काहींना त्याच्या जोडीला गोळ्या. कशाने जास्त बरं वाटतं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

बापू उसळला. "आईवर प्रयोग? बिल्कुल नाही, मॅडम!"

जानकीबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "मला कोणतं औषध मिळणार, हे कोण ठरवतं?"

"बंद पाकिटातली चिठ्ठी."

"तुम्हीसुद्धा नाही?"

"मीसुद्धा नाही. आणि नको वाटलं तर तुम्ही केव्हाही थांबू शकता."

"मग पाकीट फोडा, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "उत्तर ठाऊक नसलेलं गणित फार दिवसांनी मिळालंय."

चिठ्ठीत इंजेक्शन आणि गोळ्या, दोन्ही निघालं.

दर सोमवारी त्यांच्या रक्ताची काचपट्टी माझ्याखाली येई. ताई शंभर पांढऱ्या पेशी मोजत आणि त्यांतल्या वाईट किती ते लिहीत. पहिल्या सोमवारी त्र्याहत्तर. मग एकावन्न. तिसऱ्या आठवड्यात माझ्याखाली जवळजवळ काहीच दिसेना. वाईट पेशी गेल्या होत्या, पण चांगल्याही गेल्या होत्या. जानकीबाईंना सणकून ताप भरला. त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि त्यांची काचपट्टी आता रोज येऊ लागली. बापू आमच्या खोलीच्या दारात उभा राहून ताईंना विचारी, "आज कुछ दिसलं का?" आठ दिवस ताई "नाही" म्हणत राहिल्या.

नवव्या दिवशी काचपट्टीच्या कडेला एक पेशी दिसली. नीट वाढलेली, निरोगी. मग दुसरी. सहाव्या आठवड्यात जानकीबाई स्वतःच्या पायांनी आल्या, स्टूल ओढून माझ्यावर वाकल्या.

"या सगळ्या पेशी माझ्या?" त्यांनी विचारलं.

त्या अकरा महिने बऱ्या राहिल्या. धारला जाऊन आल्या, धरमपुरीला नावेतून नर्मदाही पार केली.

मग एका सोमवारी ताई मोजता मोजता थबकल्या. त्यांनी काचपट्टी काढली, भिंग पुसलं, पट्टी पुन्हा लावली. तीनदा मोजलं. पेन्सिल कितीतरी वेळ कागदावर नुसतीच टेकलेली होती. शेवटी त्यांनी आकडा लिहिला. सात.

"वाईट पेशी परत आल्या का?" जानकीबाईंनी विचारलं.

"हो."

"लिहिलंत ना खरं? तुम्ही माया करून कमी लिहाल, तर पुढच्याचं गणित चुकेल."

त्यानंतर त्या दीड महिना जगल्या.

वर्षाने इंदूरहून पत्र आलं. जोडीच्या औषधांनी जास्त जणांचं रक्त स्वच्छ झालं होतं, पण तापही जास्त जणांना आला होता. म्हणून पुढच्या चाचणीत गोळ्यांचे दिवस कमी करणार होते. ताईंनी पत्र बापूला वाचून दाखवलं. त्याने ते मागून घेतलं, पुन्हा एकदा स्वतः वाचलं आणि विचारलं, "या मोजलेल्या माणसांत आई कितव्या नंबरवर आहे?"

पुढे दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि ताईंनी मला तुमच्या शाळेला दिलं. आता माझ्या एका भिंगावर बुरशीचा ठिपका आहे आणि चाक अडकतं. मित्रांनो, माझी भिंगं सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, त्यांवर ओरखडे पडतात. मऊ कागद घ्या. आणि माझ्यावर डोळा लावाल तेव्हा जे दिसेल तेच वहीत लिहा. तुम्हाला कितीही वेगळं दिसावंसं वाटलं, तरीही.