शिंपीकाकांच्या यंत्रासाठी

शिंपीकाकांचं कानातलं यंत्र चौदा वर्षांचं होतं. नवं घ्या म्हटलं की म्हणायचे, "नव्यात सगळं पत्र्यावर पडल्यासारखं वाजतं. हेच नीट करून दे, पोरी."

कानाची यंत्रं जुळवून देणाऱ्या ताईंनी ते कॉम्प्युटरला जोडलं, पण नव्या सॉफ्टवेअरने त्याला ओळखच दाखवली नाही. जुनी आवृत्ती कंपनीने साइटवरून केव्हाच काढलेली. शोधता शोधता ती ताईंना भलत्याच एका साइटवर सापडली. कोणीतरी फेरफार करून ठेवलेली, आणि वर सूचना : आधी अँटीव्हायरस बंद करा. बाहेर सात जण ताटकळत होते. ताईंनी तो बंद केला.

काम मात्र फक्कड झालं. काकांना स्वतःच्या कात्रीचा आवाज आला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी एका आजींचा फोन आला. "तू पाठवलेली लिंक उघडतच नाहीये गं."

ताईंनी कसलीच लिंक पाठवली नव्हती.

ताईंच्या कॉम्प्युटरवाल्या धाकट्या भावाने येऊन आधी इंटरनेटची वायर उपटली. "त्या फाइलच्या पोटात चोर होता. सगळ्यांचे फोन नंबर, पत्ते, तपासण्या, सगळं गेलं. ताई, कंपनीला एक मेल टाकला असतास तर?"

तो विचार ताईंच्या मनाला शिवलाही नव्हता.

मग फोन सुरू झाले. एकशे बारा माणसं, आणि जवळपास सगळीच कानाने अधू.

"तुमची माहिती चोरीला गेलीय!"

"कोण चोरीला गेलंय?"

"माहिती! माझ्या नावाने आलेली लिंक उघडू नका!"

भिंतीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा डोकावून पाहिलं. दुपारपर्यंत ताईंचा घसा बसला. काही जण चिडले, एकाने आपल्या तपासण्यांची फाइल परत मागितली. बहुतेकांना काही कळलंच नाही. त्यांच्या सुनांना, मुलांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

ताईंनी कंपनीला मेल टाकला, आणि अस्सल जुनी आवृत्ती दोन दिवसांत आली. सोबत दोन ओळींचं साधं, सभ्य पत्र. ते वाचून ताईंना जास्तच थकल्यासारखं झालं.

शिंपीकाका स्वतःच आले. "माझ्यापायी झालं ना हे?"

"नाही काका. घाई माझी होती," ताई सवयीने ओरडूनच म्हणाल्या.

"हळू बोललीस तरी चालेल," काका म्हणाले, "मला स्पष्ट ऐकू येतंय."