दहातले चार

अमडापूरच्या बाजारात भाजी विकणारी कलाबाई मेथी आणि शेपू आता नुसत्या वासावर ओळखायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर जुनी शुगर. एकदा रस्ता ओलांडताना मोटरसायकल अंगावर येईस्तोवर तिला दिसलीच नाही. त्या दिवशी नवऱ्यानं, मोतीरामनं, तिचा बाजार बंद केला. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चाहूल घेणं एवढंच तिला उरलं.

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टर समतांनी डोळे तपासले, शुगरचे रिपोर्ट पाहिले.

"मावशी, ऑपरेशन करावं लागेल. पण तुमच्यासारखी शुगर असणाऱ्या दहा जणांत चौघांना नंतर डोळ्याच्या पडद्यावर सूज येऊ शकते. मग मधोमध धूसर दिसतं, सरळ रेघ वाकडी दिसते."

"मंग मी त्या चारात आहो का सहात?"

"ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

"आन् नाही केलं तं?"

"मोतीबिंदू वाढतच जाईल. त्याच्या आडून मागचा पडदा मला आत्ताच नीट दिसत नाही. तिथं काही बिघडलं तरी मला कळायचं नाही."

दोन्हीकडून रस्ता बंद. शेवटी शुगर आटोक्यात आणून कलाबाईनं उजवा डोळा करून घेतला.

पट्टी निघाली तेव्हा मोतीरामच्या कानावरचे पांढरे केस दिसले. ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. रोज सकाळी डावा डोळा झाकून ती दाराच्या चौकटीकडे बघायची. चौकट सरळ असली की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा; दुपार झाली की पुन्हा उठून बघायची. नजर आली होती, पण तिच्यावर पहारा देण्यातच दिवस जायचा.

महिनाभरानं एका सकाळी चौकट मधेच वाकलेली दिसली.

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की डोळ्यात सुई; सुजेवर तोच इलाज, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन दिवस ती तशीच वावरली, आणि मग थापलेली भाकरी तव्याऐवजी चुलीच्या कडेवर टाकली. मोतीरामनं ते पाहिलं, तेव्हा तिला सांगावंच लागलं.

"काऊन नाही सांगितलं तू?" मोतीराम ओरडला.

"सांगितलं की खरं होते ना ते," ती रडायला लागली.

त्यानं भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि तिला घेऊन पहिल्या बसनं मेहकर गाठलं.

सूजच होती. "लवकर आलात, बरं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्यात महिन्याला एक अशी काही इंजेक्शनं झाली. सुई टोचताना कलाबाई मोतीरामचा हात असा धरायची की त्याच्या मनगटावर नखं उमटायची. हळूहळू सूज उतरली. पूर्वीसारखं लख्ख नाही, पण माणसाचा चेहरा ओळखू येऊ लागला.

मग दुसऱ्या डोळ्याची गोष्ट निघाली. "एकदा सूज आली, म्हणजे या डोळ्यातही येण्याची शक्यता जास्त. आधीपासून औषध चालू ठेवू, तपासण्याही लवकर लवकर करू. तरी नक्की सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मोतीरामनं विचारलं, "काय ठरवलं?"

"करून घेतो."

"भेव नाही वाटत?"

"वाटते ना. ओट्यावर बसल्या-बसल्या बी वाटतच होतं." जरा थांबून ती म्हणाली, "रविवारी मले बाजारात घेऊन चाला. तुम्ही बाजूले बसा, मी विकतो."

"टोपली मी उचलतो," मोतीराम म्हणाला. खिडकीतून धूळ येत होती, तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यानं काच ओढून घेतली.