डायनमोचं वाण

मित्रांनो, मी एक जुनं, दोनच माणसांचं विमान आहे. जालन्याबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. हसू नका! तरुणपणी मी कपाशीवर औषध फवारायचो आणि पोरं बांधाबांधानं माझ्या सावलीमागं पळायची. बियाण्याचे व्यापारी पन्नालालशेठ माझे मालक, धावडा गावचे काकासाहेब माझे वैमानिक.

१९८८ साली माझा अल्टरनेटर जळाला. इंजिन फिरलं की वीज तयार करतो, तो. तो नसला की बॅटरी उतरते आणि माझा रेडिओ मुका होतो. पण आमच्याकडं सायकलच्या दिव्यापासून ट्रॅक्टरपर्यंत वीज करणाऱ्या सगळ्यालाच डायनमो म्हणतात. घोळ इथंच झाला.

"डायनमो तर डायनमो! ट्रॅक्टरचा बसवा जल्दी," शेठ म्हणाले.

घाई होतीच. काकासाहेबांनी आपल्या आईला, चतुराबाईंना, आपलं शेत आभाळातून दाखवायचा शब्द दिला होता. रविवारी त्या नवं लुगडं नेसून जीपनं आल्या. बद्रीनाथ मिस्त्रींनी ट्रॅक्टरचा डायनमो बसवून बोल्ट आवळले होते, भोकाला भोक बराबर जुळलं होतं. मीही खूश. एक नंबरचा येडा मी!

चतुराबाई चढणार, तेवढ्यात बद्रीनाथ आडवे आले.

"थांबा मावशी. माझ्या मनाला पटून न्हाई राह्यलं. ह्या डायनमोच्या पंख्याची पाती उलट्या अंगाला हायेत. आत वारा जाणार न्हाई. वर गेल्यावर तापून जळंल."

"अरे, दिसतो तर बिलकुल सारखा!" शेठ म्हणाले.

"शेठ, सरकीबी सारखीच दिसती. वाण न बघता तुमी पिशवी शिवता का?"

आधी पिशवीवरची चिठ्ठी वाचा, असं शेठच शेतकऱ्यांना जन्मभर सांगत आले होते. त्यांनी चष्मा लावला, माझ्या जळक्या डायनमोवरची पट्टी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि नंबर स्वतः उतरवून घेतला. चतुराबाई तशाच माघारी गेल्या. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी रेल्वेनं खोकं आलं. शेठनी नंबर दोनदा ताडून पाहिला, बद्रीनाथांनी पाती पाहिली, मगच नवा डायनमो बसला.

आणि मग ती हिवाळ्यातली सकाळ! खाली धुकं विरत होतं, ज्वारीवर कोवळं ऊन होतं, धावडा तळहाताएवढा दिसत होता. मी उडतोय की स्वप्न बघतोय, तेच कळेना. चतुराबाई काचेला नाक लावून काहीतरी शोधत होत्या. एका बांधावरून त्यांचं धाकट्या जावेशी, सोनूबाईशी, वीस वर्षं बोलणं बंद होतं.

"बाबा, आमी भांडलो त्यो बांध कुठंय रं?" त्यांनी ओरडून लेकाला विचारलं.

"इथून न्हाई दिसत, आई."

त्यांनी पुन्हा एकदा खाली पाहिलं. मग काकासाहेबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पुढच्या बारीला सोनूला बसीव."

सोनूबाई आल्या. तो बांध त्यांनाही सापडला नाही. उतरल्यावर दोघी जावांनी मिळून माझ्या नाकाला कुंकू लावलं.

आता मी उडत नाही. शेडमध्ये पडल्या पडल्या ती सकाळ आठवत बसतो. मित्रांनो, अधूनमधून येऊन माझ्यावरची धूळ तेवढी पुसा. आणि कुठल्याही यंत्राचा भाग बदलताना नुसतं तोंड बघू नका, चिठ्ठी वाचा. आत बसणारी कुणाची तरी आई असते.