भार

“हा बघा, जातोय की वर!”

डाव्या हाताने उजवं कोपर अलगद ढकलत त्याने हात डोक्यापर्यंत नेला होता.

“आता डावा काढा,” डॉक्टर म्हणाल्या.

त्याने काढला. उजवा हात धपकन मांडीवर पडला.

“पकडलंत बुवा,” तो ओशाळून हसला.

डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. खांद्याचा तुटलेला स्नायुबंध हाडापासून पार मागे ओढला गेला होता. राखाडी स्नायू दिसायला हवा तिथे पांढरी चरबी होती.

“हे शिवून उपयोग नाही. टाका धरणारच नाही. आधी आला असतात तर...”

“आधी आलो असतो तर तीन-चार महिने हात गळ्यात. मग हिला उचललं कोणी असतं?”

ही म्हणजे बाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको. मणक्याच्या दुखापतीनंतर तिचे पाय गेले होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं तोच करायचा. त्याचं ऑपरेशन होऊन हात बरा होईपर्यंत शुश्रूषा केंद्रात राहायला ती आता कशीबशी तयार झाली होती.

“सांधा बदलता येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “दुखणं थांबेल. पण जड काही उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा.”

“किती दिवस?”

“कायमचं.”

तो एका हाताने शर्टाची बटणं लावू लागला. वरचं बटण काही लागेना. डॉक्टर पुढे झाल्या, तसा तो उठला.

“तिला मीच सांगतो. तुम्ही नका येऊ.”

दार मात्र अर्धवट उघडं राहिलं.

“काय हो, पास की नापास?” बाहेरून तिचा आवाज आला.

“पास! ऑपरेशनची गरजच नाही म्हणाल्या. व्यायाम करा म्हणे, आळशी झालात.”

“खरंच? म्हणजे मला तिकडे जायला नको?”

“नको.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. “वेड्यासारखी बॅग भरून बसले होते मी. तुम्हाला बोलले नाही, पण रात्र रात्र झोप नव्हती हो.”

“चल, घरी जाऊन रिकामी करू.”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं आणि त्या खिडकीशी गेल्या. खाली त्याने गाडीचं दार उघडलं, खुर्ची जवळ घेतली, तिच्यापुढे वाकला. तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले, डोळे मिटले आणि निर्धास्तपणे सगळं अंग त्याच्यावर सोडून दिलं.