दुखेल तिथे थांबा

फौजींनी उजवा हात सपकन वर नेला, कानाला टेकवला आणि ताठ उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी खांद्याला कोनमापक लावलं.

"दुखलं?"

"नाही, मॅडम."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. याच खांद्याने याआधी दोनदा घात केला होता. खरं तर खांद्याने नाही, खांद्याच्या मालकाने. युद्धात गाडी उलटून खांदा निखळला, तो पुन्हा कधी धड बसलाच नाही. घरी शर्ट चढवताना या माणसाला घाम फुटायचा. पण तपासणीला आला की गडी असा हात उंचावणार, जणू संचलनच चाललंय, आणि शेरा पडणार: अपंगत्व नाही. मग ना ऑपरेशन, ना वाढीव पेन्शन. आजची तपासणी शेवटची होती, म्हणून तर ती दारातल्या शिपायाशी भांडून आत आली होती.

तिने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला खुणेने थांबवलं. फौजींच्या ओठांवर जमलेला घाम त्यांनाही दिसला होता. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या,

"हात पुन्हा वर न्या. दुखेल तिथे थांबायचं. हा हुकूम आहे."

फौजी गोंधळले. उभ्या आयुष्यात त्यांनी हुकूम मोडला नव्हता. हात निघाला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"इथे दुखतं," ते म्हणाले.

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढा संसार झाला, पण हा शब्द तिने या तोंडून कधी ऐकला नव्हता. आनंदाने तिला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी हात बाजूला, मागे नेऊन पुन्हा पुन्हा मोजमाप घेतलं आणि या वेळी अपंगत्व नोंदलं जाईल, ऑपरेशनही होईल, असं स्वच्छ सांगून टाकलं. बायको गड जिंकल्याच्या थाटात उठली.

फौजी मात्र जागचे हलले नाहीत.

"मॅडम, हुकूम खांद्यापुरताच होता का?"

"का हो?"

"गुडघाही आहे. डावा."

"कुठला गुडघा?" बायकोने विचारलं. घरात त्या गुडघ्याचं नावही कधी निघालं नव्हतं.

फौजींनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने खुर्ची ओढून अगदी त्यांच्याजवळ आणली आणि ऐसपैस बसली.

"सांगा," ती म्हणाली. "अजून काय काय आहे ते सगळं सांगा. मला घाई नाही."